उरलं ते कर्बोदक

अन्नाच्या पाकिटामागच्या तक्त्यात 'कर्बोदके' अशी एक ओळ असते. ती बहुतेक वेळा कुणी मोजलेली नसते. मी खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, असे अहवाल रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे हे ऐकीव नाही. आम्ही ओलावा मोजतो, प्रथिनं मोजतो, चरबी मोजतो, राख म्हणजे पदार्थ जाळून उरणारे क्षार मोजतो. चौघांची बेरीज शंभरातून वजा करतो. उरलं ते कर्बोदक.

मैद्याचं उदाहरण घ्या. १०० ग्रॅम मैद्यात साधारण १२ ग्रॅम पाणी, १०.३ ग्रॅम प्रथिनं, १ ग्रॅम चरबी आणि अर्धा ग्रॅम राख. बेरीज २३.८. उरले ७६.२. हा आकडा दशांश चिन्हासकट छापला जातो, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की कुठल्यातरी यंत्राच्या पडद्यावर तो उमटला असणार. बाकी सगळे खर्च लिहून ठेवायचे आणि हिशेबात जे बसत नाही ते 'किरकोळ' म्हणून टाकायचं, तशातला हा प्रकार. बाकीच्या नोंदी चोख असतील तर किरकोळचा आकडाही चोख येतो. नसतील तर सगळ्यांचं पाप त्याच्या माथी.

आणि नोंदी तितक्या चोख नसतात. प्रथिनांचंच बघा. प्रथिनंही आपण थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजतो. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली ही पद्धत बसवली, आणि आजही आमच्याकडे केल्डालच्या नळ्या रोज उकळत असतात. आलेल्या नायट्रोजनला एका आकड्यानं गुणायचं. सर्वसाधारण अन्नासाठी तो आकडा ६.२५ आहे, गव्हाच्या पिठासाठी ५.७. नायट्रोजन १.८१ टक्के आला, तर ५.७ नं गुणून प्रथिनं १०.३ होतात आणि ६.२५ नं गुणून ११.३. सॅम्पल तेच, नळी तीच, आणि कर्बोदकं मात्र बसल्याजागी एका ग्रॅमनं कमी. त्या मैद्यातल्या स्टार्चच्या एका कणालाही धक्का लागलेला नसतो.

आमच्याकडे नव्यानं रुजू झालेल्या मुलीला हे पचायला वेळ लागला. "मॅडम, मग कर्बोदकांची टेस्ट कुठली?" असं तिनं विचारलं. म्हटलं, तशी टेस्टच नाही. साखरांची आहे, स्टार्चची आहे, तंतूंची आहे. 'कर्बोदके' नावाची बाटली कपाटात नाही.

ही वजाबाकीची रीत जुनी आहे. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर आणि त्यांचे सहकारी वुड्स यांनी कृषी खात्यासाठी अन्नपदार्थांचे तक्ते १८९६ साली छापले, त्यात कर्बोदकांचा रकाना असाच भरलेला होता. त्या काळी प्रश्न होता तो कुणाला किती उष्मांक लागतात हा, आणि त्या कामापुरती ही रीत पुरेशी होती. एका ग्रॅमला ४ किलोकॅलरी धरल्या की काम भागत होतं.

काम अडलं ते इन्शुलिन आल्यावर. १९२० च्या दशकात लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. लॉरेन्स मधुमेहाच्या रुग्णांवर उपचार करत होते. ते स्वतःही मधुमेही, आणि इन्शुलिन वेळेवर मिळालं म्हणून वाचलेले. रुग्णाला इन्शुलिन किती द्यायचं हे ठरवायचं तर त्यानं खाल्लेल्या भाज्या-फळांतून रक्तात साखर किती उतरणार हे कळायला हवं. वजाबाकीच्या आकड्यात तर कोबीचे धागे आणि बटाट्यातलं स्टार्च एकाच रांगेत उभे. म्हणून त्याच हॉस्पिटलमधले डॉक्टर मॅकॅन्स आणि लॉरेन्स यांनी १९२९ साली कर्बोदकांचे सरळ दोन भाग केले: शरीराला उपलब्ध होणारी आणि न होणारी. आणि उपलब्ध होणारी त्यांनी वजाबाकी न करता मोजली.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. १९३३ साली एल्सी विडोसन नावाची तरुण रसायनतज्ज्ञ त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मॅकॅन्सना भेटली. सफरचंदातल्या साखरांवर तिचं काम झालेलं होतं. तिनं त्यांना सांगितलं की तुमच्या तक्त्यातले फळांमधल्या फ्रुक्टोजचे आकडे कमी आलेत, कारण आम्लात उकळताना फ्रुक्टोजचा काही भाग नष्ट होतो. मॅकॅन्सनी ते मानलं आणि तिला बरोबर काम करायला बोलावलं. पुढे त्या दोघांनी साठ वर्षं एकत्र काम केलं. आजही फळाचं सॅम्पल आलं की आम्ही ते आम्लात उकळत नाही, त्यामागे हे आहे.

आता साखर. पाकिटावरची 'साखर' ही ओळ मात्र खरोखर मोजलेली असते, निदान असायला हवी. तिच्यात एका रेणूच्या आणि दोन रेणूंच्या साखरा येतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज म्हणजे आपली नेहमीची साखर, माल्टोज आणि दुधातलं लॅक्टोज. धान्याच्या पिठातून त्या काढायच्या तर पीठ आधी गरम अल्कोहोलमध्ये टाकायचं, साध्या पाण्यात नाही. दळलेल्या धान्यात विकरं (एन्झाइम) जिवंत असतात. त्यांना कोमट पाणी मिळालं की ती लगेच कामाला लागतात, आणि आपण मोजायला बसेपर्यंत स्टार्चचं माल्टोज होऊन बसलेलं असतं. म्हणजे पिठात नव्हती ती साखर आपणच तयार करून मोजायची. ८० टक्के अल्कोहोल आणि चांगली उष्णता मिळाली की विकरं गप्प होतात, स्टार्च तळाशी राहतं आणि साखरा वर द्रावात येतात.

मग तो द्राव गाळून यंत्रात. पंप, कॉलम, डिटेक्टर. पडद्यावर आडवी रेघ सरकत असते आणि एकेक साखर बाहेर पडली की रेघेवर टेकडी उठते. आमच्या कॉलमवर पहिलं फ्रुक्टोज, मागून ग्लुकोज, मग सुक्रोज, मग माल्टोज, शेवटी लॅक्टोज. साखरांना रंग नसतो आणि नेहमीच्या डिटेक्टरला त्या दिसत नाहीत, म्हणून द्रावातून प्रकाश किती वाकतो यावरून त्या ओळखायच्या. हा डिटेक्टर भलता नाजूक. तापमान जरा हललं की रेघ तिरपी चालायला लागते. एसीचा झोत त्याच्यावर आला, कुणी दार उघडं टाकलं, की दुपारचं काम वाया. आमच्या खोलीच्या दारावर 'दार लावा' असं तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, त्यातलं एक माझं.

सफरचंदाच्या रसाची रेघ बघायला सुरेख दिसते. फ्रुक्टोजची उंच टेकडी, तिच्या निम्म्याहून कमी ग्लुकोज, मग सुक्रोज. द्राक्षात ग्लुकोज-फ्रुक्टोज जवळपास बरोबरीनं. मधात दोन्ही भरपूर, फ्रुक्टोज साधारण ३८ टक्के आणि ग्लुकोज ३१. आणि मग गव्हाची रेघ येते. जवळजवळ सपाट. सुक्रोजची एक बुटकी टेकडी, बाकीच्या नावाला. अख्ख्या गव्हात मोकळ्या साखरा मिळून टक्का-दोन टक्के. मैद्यात त्याहून कमी, पॉलिश केलेल्या तांदळात तर अर्धा टक्काही नाही. कारण धान्यातली साखर मुख्यतः अंकुरात असते आणि काही कोंड्यालगतच्या थरात. बी रुजायला लागलं की कोंबाला पहिल्या तासांत लागणारा शिधा तो. दळताना अंकुर आणि कोंडा काढला की साखर त्यांच्याबरोबर जाते. दाण्याच्या पोटात उरतं ते स्टार्च.

म्हणजे 'कर्बोदके ७६, साखर ०.३' ही ओळ वाचून ज्यांना हायसं वाटतं, त्यांना सांगायचं ते हे: त्या ७६ पैकी ७० च्या वर ग्लुकोजच आहे. एकमेकांना जोडलेलं, एवढाच फरक.

जोडलेलं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मला तोच सगळ्यात रोचक वाटतो. झाडाला बीमध्ये इंधन साठवायचं असतं. ग्लुकोज किंवा सुक्रोज तसंच साठवलं तर ते पाणी ओढून घेतं. पेशीत जितके विरघळलेले रेणू जास्त, तितकं पाणी जास्त आत शिरतं. पण हजारो ग्लुकोज एका साखळीत ओवले आणि त्या साखळ्या घट्ट दाबून कण केला, की तो विरघळत नाही आणि पाणीही खेचत नाही. दाणा कोरडा राहतो, वर्षभर टिकतो.

हे न जमलेलं बी कसं दिसतं ते मेंडेल यांनी १८६५ साली जगाला सांगून ठेवलं आहे, फक्त त्यामागचं रसायन तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. गोल वाटाणा आणि सुरकुतलेला वाटाणा. शाळेत आपण सगळ्यांनी ती चौकट भरलेली असते. सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर बिघडलेलं असतं, हे १९९० साली उघड झालं. स्टार्च नीट बनत नाही, सुक्रोज साठून राहतं, सुक्रोज पाणी ओढतं, दाणा कोवळा असताना टम्म फुगतो. मग वाळताना ते पाणी निघून जातं आणि ताणलेल्या सालाला सुरकुत्या पडतात. आनुवंशिकतेचा पाया घालणारं ते लक्षण म्हणजे मुळात साखर आणि स्टार्च यांच्यातला हिशेब.

गोड मक्याचंही तेच. साध्या मक्यात साखरेचं स्टार्च होण्याची जी वाट आहे ती गोड मक्यात एका जनुकाच्या बिघाडानं अर्धवट अडलेली असते. म्हणून कोवळं कणीस गोड, आणि बियाण्यासाठी वाळवलेला दाणा सुरकुतलेला. जुन्या गोड वाणांत ही अडवणूक ढिली असते. कणीस तोडून उन्हात ठेवलं की साखर भराभर कमी होत जाते आणि संध्याकाळपर्यंत चव पिठूळ लागायला लागते. तोडल्यावर लगेच थंड करायला सांगतात ते यासाठी.

बटाट्यात गाडी उलट्या दिशेनं धावते. तो फार थंड ठेवला, पाच-सहा अंशांच्या खाली, तर स्टार्च मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात. अशा बटाट्याचे काप तळले की करपल्यासारखे तपकिरी होतात, कारण या साखरा तापल्यावर अमिनो आम्लांशी जुळतात. याच वाटेनं ॲक्रिलामाइड हे घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत ते असतं हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवल्यापासून वेफर्सवाले बटाट्याच्या साठवणीचं तापमान डोळ्यांत तेल घालून बघतात. रंग कशानं बिघडला हे विचारायला आमच्याकडे जी सॅम्पलं येतात, त्यात मी एकूण कर्बोदकं बघतही नाही. ती सारखीच असणार.

स्टार्च मोजणं हे माझं आवडतं काम. पीठ आधी अल्कोहोलनं धुवायचं, म्हणजे मोकळ्या साखरा हिशेबात शिरत नाहीत. मग उकळत्या पाण्यात उष्णता सोसणारं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं विकर. पीठ आधी फुगून खळीसारखं दाट होतं आणि बघता बघता पुन्हा पातळ. साखळ्यांचे तुकडे पडले. मग ५० अंशांवर दुसरं विकर त्या तुकड्यांच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज सोडवत जातं. शेवटी फक्त ग्लुकोजशीच बोलणारा अभिकर्मक टाकायचा, वीस मिनिटं थांबायचं, नळ्या गुलाबी होतात. जितका गडद गुलाबी, तितकं ग्लुकोज. अनुभवानं नजरेलाच अंदाज येतो: तांदूळ आहे की ओट, ते यंत्रात घालायच्या आधी नळीवरून कळतं.

आता हिशेबातली गंमत. आलेल्या ग्लुकोजला ०.९ नं गुणायचं, तेव्हा स्टार्च मिळतं. साखळी तोडताना प्रत्येक सांध्याला पाण्याचा एक रेणू लागतो आणि तो वजनात भर घालतो. ग्लुकोजचं रेणूभार १८०, साखळीतल्या त्याच ग्लुकोजचं १६२. म्हणून १०० ग्रॅम शुद्ध स्टार्चमधून साधारण १११ ग्रॅम ग्लुकोज निघतं. मॅकॅन्स आणि विडोसनच्या परंपरेतले ब्रिटिश तक्ते कर्बोदकं अशीच ग्लुकोजच्या रूपात लिहितात आणि ग्रॅमला ४ ऐवजी ३.७५ किलोकॅलरी धरतात. दोन देशांचे तक्ते शेजारी ठेवून 'यांचा तांदूळ वेगळा आहे का' असं विचारणारे अधूनमधून भेटतात. तांदळात फारसं काही नसतं, लिहिण्याची पद्धत वेगळी.

बरं, स्टार्च नेमकं मोजलं म्हणून सगळं कळतं असंही नाही. काढणीच्या तोंडावर पावसात सापडलेला गहू घ्या. दाणा कणसातच रुजायला सुरुवात झालेली असते, वरून डोळ्याला काही दिसत नाही. त्याचं स्टार्च मोजा: चांगल्या गव्हाच्या जवळपास तितकंच. कर्बोदकं वजाबाकीनं काढा: तितकीच. आता ७ ग्रॅम पीठ आणि २५ मिलिलिटर पाणी एका नळीत घ्या, उकळत्या पाण्यात नळी ठेवून एक मिनिट दांडा वर-खाली हलवा, आणि मग तो दांडा त्या खळीतून आपल्या वजनानं तळाला जायला किती सेकंद लागतात ते बघा. चांगल्या गव्हात सुरुवातीच्या मिनिटासह ३०० सेकंदांच्या पुढे. भिजून रुजलेल्या गव्हात दांडा सोडल्याबरोबर सुळकन खाली, आकडा १०० च्याही आत येऊ शकतो. अमायलेज जागं झालेलं असतं आणि तापताना ते खळी खाऊन टाकतं. या पिठाचा ब्रेड आतून चिकट होतो, सुरी लडबडते, कवच गडद होतं. पाकिटावर छापायचे सगळे आकडे मात्र नापास करण्यासारखे नसतात.

बार्लीच्या बाबतीत हेच मुद्दाम करतात. भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट बनवतात, आणि मग साधारण ६५ अंशांच्या पाण्यात विकरांना स्टार्चवर सोडतात. तासाभरात पिठूळ पाण्याचं गोड पाणी होतं. रताळ्यात तर हा सगळा कारखाना आतच असतो. कच्च्या रताळ्यात माल्टोज जवळजवळ नसतं. भाजताना स्टार्च फुगतं आणि त्याच वेळी त्यातलं अमायलेज अजून जिवंत असतं, त्या पट्ट्यात जितका वेळ रताळं राहील तितकं माल्टोज बनतं. म्हणून मंद भट्टीतलं रताळं गोड आणि मायक्रोवेव्हमध्ये घाईत शिजवलेलं बेचव. एकाच रताळ्याचे दोन तुकडे करून दोन्ही रेघा मी स्वतः काढून बघितल्या आहेत. माल्टोजच्या टेकड्या शेजारी ठेवल्या तर एकाच कंदाच्या आहेत हे पटत नाही.

न पचणाऱ्या भागाकडे आता. सेल्युलोज आणि स्टार्च, दोन्ही शुद्ध ग्लुकोजच्या साखळ्या. सांध्याची दिशा तेवढी वेगळी, आणि तेवढ्यानं एक आपलं जेवण होतं आणि दुसरं कापूस. ओट आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकान हेही ग्लुकोजच, सांधे दोन प्रकारचे मिसळलेले. ते विरघळतं, बुळबुळीत होतं, आणि आपल्याला पचत नाही. ओटची पेज थंड झाल्यावर चमच्याला धरून राहते त्याचं बरंचसं श्रेय त्याचं. गहू आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांत अरॅबिनोझायलान नावाचा तंतू असतो, त्यात ग्लुकोज नाहीच. रायमध्ये ते इतकं असतं की रायच्या पिठाची कणीक हाताला मातीसारखी चिकटते.

वजाबाकीची सगळ्यात मोठी फजिती सोयाबीनमध्ये होते. वाळलेल्या सोयाबीनमध्ये वजाबाकीनं कर्बोदकं निघतात १०० ग्रॅमला ३० च्या आसपास. ऐकून वाटतं, बरंच स्टार्च असेल. पिकलेल्या सोयाबीनमध्ये स्टार्च जवळजवळ नसतंच, एक टक्काही नाही. नळी गुलाबी होतच नाही. सुक्रोज पाचेक टक्के, स्टॅकिओज चारेक टक्के, थोडं रॅफिनोज, आणि बाकी बहुतेक पेशीभित्तिकांचे तंतू. स्टॅकिओज आणि रॅफिनोज मोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. ते खाली मोठ्या आतड्यात जातात, तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू आपल्या वाट्याला. डाळी-कडधान्यांची जी बदनामी आहे ती या दोन-तीन रेणूंची करणी. भिजवून पाणी टाकलं तर त्यांचा काही भाग पाण्याबरोबर जातो, मोड आणले तर आणखी कमी होतात, कारण रुजणारं बी त्यांनाच आधी खातं.

आणि फ्रुक्टान. गव्हात टक्का-दोन टक्के, रायमध्ये जास्त, लसणाच्या कोरड्या वजनात तर सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. फ्रुक्टोजच्या या साखळ्यांनी तंतू मोजणाऱ्यांना बरीच वर्षं चकवलं. १९८५ मध्ये मान्य झालेल्या पद्धतीत विद्राव्य तंतू अल्कोहोल घालून खाली बसवायचे असतात. आखूड फ्रुक्टान अल्कोहोलमध्येही विरघळलेलेच राहतात, म्हणून ते गाळणीतून निसटायचे. साखरेच्या ओळीत नाहीत, स्टार्चमध्ये नाहीत, तंतूंतही नाहीत. मग कुठे जायचे? वजाबाकीत. एकूण कर्बोदकांत गुपचूप बसायचे. २००९ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत त्यांना धरायची सोय झाली, आणि काही पदार्थांतले तंतू पदार्थ न बदलता कागदावर वाढले.

केळ्याबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सगळेच विचारतात. हिरव्या केळ्याच्या गरात स्टार्च २० टक्क्यांच्या आसपास आणि साखर जेमतेम. पूर्ण पिकून ठिपके पडलेल्या केळ्यात स्टार्च टक्का-दोन टक्के आणि उरलेलं बहुतेक साखर. एकूण कर्बोदकं दोन्हीकडे जवळपास तीच. हिरव्यातलं स्टार्च कच्चं असताना पचनाला फार दाद देत नाही.

गार भाताचंही विचारतात. शिजलेलं स्टार्च थंड होताना काही साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट होतात आणि विकरांना दाद देत नाहीत. हे खरं आहे. ब्रिटनमध्ये हान्स एंग्लिस्ट तंतू मोजत असताना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या पचनाला न जुमानणाऱ्या स्टार्चला 'रेझिस्टंट स्टार्च' असं नाव पडलं. पण साध्या पांढऱ्या भातात गार केल्यानं पडणारा फरक १०० ग्रॅमला साधारण ग्रॅमभराचा. त्यावर जेवढा गाजावाजा होतो तेवढा ऐवज त्यात नाही. अमायलोज (स्टार्चमधल्या बिनफांद्यांच्या साखळ्या) जास्त असलेला तांदूळ निवडल्यानं पडणारा फरक याहून मोठा असू शकतो.

रक्तातल्या साखरेबद्दल १९८१ साली टोरंटोमध्ये डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी ६२ पदार्थ माणसांना खायला घालून ग्लायसेमिक इंडेक्सचा, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातलं ग्लुकोज किती वाढवतो याच्या आकड्यांचा, पहिला तक्ता मांडला. ग्लुकोज १०० धरलं तर सुक्रोज ६५ च्या आसपास, आणि पांढरा ब्रेड त्याच्या वर, ७० ते ७५. पांढरी साखर ब्रेडच्या खाली? सुक्रोजचा निम्मा भाग फ्रुक्टोज आहे, आणि फ्रुक्टोज यकृताकडे जातं, रक्तातलं ग्लुकोज फारसं वाढवत नाही. ब्रेडचं स्टार्च मात्र संपूर्ण ग्लुकोज, शिजून फुगलेलं, विकरांपुढे ताट वाढून ठेवलेलं. यावरून साखर बरी असा निष्कर्ष काढणारे असतात. ते फ्रुक्टोज यकृतात गेल्यावर काय करतं हे विचारत नाहीत.

आता माझा राग कशावर आहे ते. माल्टोडेक्स्ट्रिन. स्टार्चचे विकरानं किंवा आम्लानं तुकडे करून वाळवलेली पांढरी भुकटी. तुकडे तीन-चार ग्लुकोजचे आणि त्याहून लांब, त्यामुळे 'साखर' या व्याख्येत त्यातलं फारच थोडं बसतं. गोडी जवळजवळ नाही. पोटात गेल्यावर मात्र ग्लुकोजच्या वेगानं रक्तात. ते भरपूर घातलेल्या पेयाच्या भुकटीवर साखर १०० ग्रॅमला दोन-चार ग्रॅम असं छापता येतं, आणि ते कायद्यानं खोटं नसतं. रेघेवर साखरांच्या टेकड्या खरंच ठेंगण्या असतात. 'साखर कमी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेली अशी सॅम्पलं येतात तेव्हा मी नियमाप्रमाणे आकडा देते, सही करते, आणि घरी त्या वस्तूला हात लावत नाही.

ओटच्या पेयात याची दुसरी बाजू दिसते. ओट पाण्यात वाटून नुसते तापवले तर स्टार्च फुगून खळ होते, पिता येणार नाही अशी. म्हणून विकर घालून स्टार्च मोडतात. पेय पातळ होतं आणि माल्टोज तयार झाल्यानं गोडही. बाहेरून साखर एक चिमूट घातलेली नसते, तरी १०० मिलिलिटरला तीन-चार ग्रॅम साखर निघते. 'साखर घातलेली नाही' हे वाक्य खरं आणि ओटच्या दाण्यात मुळात टक्काभरच साखर असते हेही खरं, मधल्या टाकीत काय झालं ते तक्ता सांगत नाही.

त्यामुळे असली पेयं बनवणाऱ्या छोट्या उद्योजकांना एक विनंती. साखरांच्या तपासणीचा फॉर्म भरताना बरेच जण ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज यांच्यावर खुणा करतात आणि थांबतात, कारण फळांच्या रसासाठी तेवढं पुरतं. धान्याचं पेय असेल तर माल्टोजवर खूण हवीच. ती नसेल तर तीन टेकड्यांची बेरीज अर्ध्या ग्रॅमच्याही आत येते, आणि चौथी, सगळ्यात उंच टेकडी रेघेवर उभी असून अहवालात येत नाही. सॅम्पल थंड पाठवा, आणि विकर उष्णता देऊन थांबवलंय का ते आवर्जून लिहा. थांबवलं नसेल तर बाटली आमच्याकडे पोहोचेपर्यंत आकडा वाढत राहतो.